आउट ऑफ द पार्क बेसबॉल: चाळीस जागा आणि एक जास्तीचा पोरगा

सहा महिने झाले रोज रात्री हा गेम खेळायलोय, आता बोलायला हरकत नाही. आउट ऑफ द पार्क बेसबॉल. कॉम्प्युटरवरचा गेम आहे आणि बॅट हातात घेऊन मारायचा गेम नव्हे, हे आधीच सांगतो, कारण शेजारच्या पोरानं दोन मिनिटं बघितलं आणि काका यात मारायचं कुठं म्हणून उठून गेला. यात आपण मारायचं नाही, टीम सांभाळायची. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाला खालच्या लीगमध्ये खेळवून तयार करायचं, पगार किती द्यायचा, पिचरचं, म्हंजे बॉल टाकणाऱ्याचं, कोपर गेलं तर त्याच्या जागी कोण, हे सगळं आपण बघायचं आणि मॅच आपोआप होते, पाहिजे तर एकेक बॉल बघत बसा नाहीतर अख्खा महिना एका बटणात पुढं ढकला.

मी वडगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपला सुपरवायझर. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला बारा वाजतात आणि डोक्यात मशीनचा आवाज असतोय त्यामुळं लगेच झोप काही येत नाही. क्रिकेट लहानपणापासून आहेच, बेळगावात जन्मलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. बेसबॉलचं मात्र एवढंच माहीत होतं की अमेरिकेत खेळतात आणि २००८ ला आपल्याकडची दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, टीव्हीवरच्या एका स्पर्धेतनं निवडून तिकडं पिट्सबर्ग पायरेट्स या टीमनं घेतली होती, ते पेपरात वाचलेलं. भाचा बेंगळुरूला आयटीत आहे, तो गणपतीला आला तेव्हा त्यानं लॅपटॉपवर हा गेम घालून दिला आणि म्हणाला, मामा, तुम्ही शॉपवर माणसं सांभाळता तसंच आहे हे, बघा तरी. मी म्हटलं बघतो की. त्या रात्री झोपायला साडेतीन झाले.

गेम कुणी केलाय ते थोडक्यात. मार्कुस हाइनझोन म्हणून एक जर्मन माणूस आहे, त्याचं हे काम, अमेरिकेतल्या खेळाचा सगळ्यात खोल गेम जर्मनीतल्या माणसानं केलाय हे वाचून मला लई बरं वाटलं. याच्या २००७ च्या आवृत्तीला समीक्षकांनी एवढे मार्क दिले होते की कॉम्प्युटरवरच्या आजवरच्या सगळ्या गेमच्या यादीत ती अगदी वर जाऊन बसली. २०१५ पासून मेजर लीगचं, म्हंजे तिकडच्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगचं, अधिकृत लायसन्स आहे म्हणून खऱ्या टीम, खरे खेळाडू, खरी नावं मिळतात. दरवर्षी वसंतात नवी आवृत्ती येते.

पण मला गेमबद्दल सगळं सांगायचं नाहीच. ट्रेड, म्हंजे खेळाडूंची अदलाबदल, कसा करायचा, पोरं हेरणारे स्काऊट कुठं पाठवायचे याच्यावर इंग्लिशमध्ये ढीगभर व्हिडिओ आहेत. मला एकाच गोष्टीवर लिहायचंय, जिच्यासाठी मी हा गेम कुणालाही घ्यायला सांगेन, आणि ती म्हंजे वर्षातले ते तीन-चार आठवडे, नोव्हेंबरच्या मध्यापासनं डिसेंबरपर्यंतचे. त्याला तिकडं रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणतात. पाच नंबरचा नियम, आणि ड्राफ्ट म्हंजे टीमनी पाळीपाळीनं खेळाडू निवडायचे. कॉलेजातली, शाळेतली नवीन पोरं घ्यायचा जो मोठा ड्राफ्ट असतोय तो चार नंबरच्या नियमातला, आणि हा पाच नंबरचा दुसऱ्याच्या टीममधली तयार होत आलेली पोरं उचलायचा.

होय, उचलायचा. मलाही पहिल्यांदा वाचून खरं वाटंना.

नीट सांगतो. मेजर लीगमध्ये ३० टीम. प्रत्येक टीमच्या हाताखाली खालच्या लीगच्या चार टीम असतात, ट्रिपल ए, डबल ए, हाय ए, सिंगल ए, आणि त्याच्याही खाली एकदम कोवळ्या पोरांच्या. एका क्लबला नुसत्या अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये २०२४ पासनं १६५ पर्यंत पोरं ठेवता येतात, आधी १८० होती. आता या सगळ्यांवर क्लबचा हक्क, सगळ्यांना पगार, कोच, डॉक्टर, सगळं क्लबचं. पण वरची यादी असतेय ती फक्त ४० जणांची. त्यातले २६ प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये खेळणारे आणि बाकीचे बोलावलं की यायला तयार. या ४० मध्ये ज्याचं नाव त्याला हात लावता येत नाही. बाहेर राहिलेल्या पोरांना काही वर्षं सूट असते, १८ किंवा त्याच्या आतल्या वयात सही केलेल्याला पाच सीझन, १९ किंवा पुढं सही केली असेल तर चार. ती वर्षं भरली आणि नोव्हेंबरातल्या ठरलेल्या तारखेपर्यंत तुम्ही पोराचं नाव चाळिसात घातलं नाही, की तो उघड्यावर. डिसेंबरात बाकीच्या २९ टीमपैकी कुणीही एक लाख डॉलर भरायचे आणि पोरगा न्यायचा. तुम्हाला विचारायची गरज नाही. शेवटून पहिली आलेली टीम आधी बोलते, मग क्रमानं वर.

यात घेणाऱ्यालाही फुकट काही नाही, आणि नियमाची खरी मजा त्यातच आहे. घेणाऱ्याच्या स्वतःच्या चाळिसात जागा रिकामी पाहिजे. आणि नेलेल्या पोराला पुढचा अख्खा सीझन त्या २६ मध्येच ठेवायला लागतंय, खालच्या लीगला पाठवता येत नाही. ठेवायचं नसेल तर आधी बाकीच्या सगळ्या टीमना विचारायचं, त्यातली कुणीही त्याच अटीवर घेऊ शकते, कुणीच नाही घेतला तर मग जुन्या मालकाला विचारायचं, बाबा पन्नास हजार दे आणि तुझा पोरगा परत ने. दुखापतीच्या यादीत लपवून वर्ष काढीन म्हटलं तर तेही चालत नाही, कमीत कमी ९० दिवस खरोखर टीमसोबत तंदुरुस्त असायला लागतंय, नाहीतर अट पुढच्या वर्षात जाते.

आता हे वाचायला सोपं आहे हो, पण गेममध्ये तुमच्यासमोर ती यादी येते तेव्हा कळतंय.

मी टीम घेतली क्लीव्हलँड. लोखंडाचं, कारखान्यांचं गाव म्हणून घेतली, आमच्या उद्यमबागेतल्या माणसाला दुसरं कुठलं गाव जवळचं वाटणार. पैसा कमी असलेली टीम, मोठे खेळाडू विकत घेणं परवडत नाही म्हणून पोरं घरीच तयार करायची. आणि ती लई चांगली तयार होतात, दुखणं तेच आहे. ज्याच्याकडं पोरंच धड नाहीत त्याला नोव्हेंबरात झोप लागते. ज्यानं दहा वर्षं खालनं शेत नीट नांगरलंय त्याच्या दारात एकदम अकरा पोरं येऊन उभी राहतात आणि जागा असतात चार.

पाचव्या सीझननंतरचा नोव्हेंबर. माझ्याकडं एक सेंटर फिल्डर होता, डोमिनिकन रिपब्लिकचा, १६ व्या वर्षी सही केलेला. गेममधलाच काल्पनिक पोरगा पण मी त्याला पाच वर्षं बघितलेला. पहिल्या वर्षी त्याला बॉल दिसायचा नाही असं वाटायचं, तिसऱ्या वर्षी पाय खुलले, पाचव्या वर्षी हाय ए मध्ये होता, स्काऊटच्या रिपोर्टात आजची ताकद दीड स्टार आणि पुढं होऊ शकणारी साडेचार. त्याचं वर्ष भरलं. माझ्याकडं शेवटची एकच जागा. दुसरीकडं एक डावखुरा रिलीव्हर, म्हंजे मॅचच्या मधनं येणारा पिचर, २७ वर्षांचा, ठीकठाक, पण आत्ता लगेच चालणारा. मी असा हिशोब केला की हाय ए मधला पोरगा, ज्यानं डबल ए सुद्धा बघितलं नाही, त्याला मेजर लीगच्या बाकावर अख्खं वर्ष कोण बसवून ठेवणार, एक जागा कोण वाया घालवणार. रिलीव्हरला घातलं, पोराला बाहेर ठेवलं.

डेट्रॉइटनं उचलला. दुसराच नंबर होता त्यांचा.

आणि ठेवला की त्यांनी. शेवटून दुसरी टीम, तसंही हरायलीच होती, एक जागा अडकली तर त्यांचं काय जातंय. वर्षभर नवव्या इनिंगला पळायला, कुणाच्या बदली फिल्डिंगला असा वापरला, बॅटिंगची सरासरी तर दोनशेच्या खाली, म्हंजे पाचात एक हिटसुद्धा नाही, मी दर आठवड्याला त्याचा आकडा बघायचो आणि मनात म्हणायचो आता सोडतील, आता सोडतील, पन्नास हजार बाजूलाच काढून ठेवलेले. सप्टेंबर संपला. पोरगा त्यांचा झाला कायमचा. वर्षभरानं अट संपल्यावर त्यांनी त्याला आरामात ट्रिपल ए ला पाठवून घडवला आणि तिसऱ्या वर्षी त्यानं २७ होमरन, म्हंजे आपल्याकडच्या सिक्सरसारखे, मारले. क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट एकाच गटात, सीझनला १३ वेळा गाठ पडते. तेरा वेळा माझाच पोरगा माझ्या पिचरला मारायला उभा. माझा तो डावखुरा रिलीव्हर दीड वर्षात गेला सुद्धा.

गेम हे खरं असल्यासारखं करतोय कारण हे खरंच असं होतंय. भाच्यानं नंतर सांगितलं म्हणून वाचत बसलो तर खऱ्या क्लीव्हलँडनं २०१६ ला अँथनी सँटँडर नावाच्या पोराला असाच बाहेर ठेवला होता, बाल्टिमोरनं नेला, आणि २०२४ ला त्यानं एका सीझनला ४४ होमरन मारले. न्यूयॉर्क यांकीजनी २०२० ला गॅरेट व्हिटलॉक नावाचा पिचर बाहेर ठेवला, कोपराचं ऑपरेशन झालेलं, त्यात त्या वर्षी करोनामुळं मायनर लीगचा सीझनच झाला नाही, म्हंजे कुणी बघितलाच नव्हता त्याला. नेला कुणी, तर बॉस्टन रेड सॉक्सनी. ज्यांना या दोघांचं वैर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते शंभर वर्षांचं वैर आहे. आणि पुढच्याच वर्षी व्हिटलॉकनं नऊ इनिंगला दिलेल्या रनची सरासरी दोनच्या खाली ठेवून बॉस्टनला प्लेऑफपर्यंत हात दिला. त्याच डिसेंबरात डेट्रॉइटनं मिनेसोटाचा अकिल बडू उचलला होता, हाय ए च्या वर न खेळलेला, आणि त्यानं मेजर लीगमधल्या आयुष्यातल्या पहिल्या बॉलवर होमरन मारला. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून पाणी प्यायलो, कारण माझा हिशोब तंतोतंत मिनेसोटासारखाच होता, हाय ए चा पोरगा कोण नेतोय.

सगळ्यात मोठी गोष्ट रॉबर्टो क्लेमेंटेची. पोर्टो रिकोचा पोरगा, १९५४ ला ब्रुकलिन डॉजर्सनी दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतला. तेव्हाचा नियम वेगळा होता, चार हजाराच्या वर बोनस दिलेला पोरगा वरच्या टीममध्ये ठेवला नाही तर सीझन संपल्यावर ड्राफ्टला उघडा. डॉजर्सकडं तेव्हा खेळाडूंची रेलचेल, त्यांनी त्याला माँट्रियलला खालच्या टीमात ठेवला आणि जेमतेम खेळवला. दुसऱ्यांच्या नजरेपासनं लपवायला असं बरेच जण म्हणतात, काही अभ्यासक ते मानत नाहीत. लपला मात्र नाही. पायरेट्सचा स्काऊट दुसऱ्याच पिचरला बघायला गेला आणि क्लेमेंटेचा हात बघून आला. पायरेट्स शेवटून पहिले, पहिला नंबर त्यांचा, २२ नोव्हेंबर १९५४ ला चार हजार डॉलरात घेतला. पुढं त्याचे बरोबर ३००० हिट्स, फिल्डिंगची १२ गोल्ड ग्लोव्ह बक्षिसं, चार वेळा बॅटिंगमध्ये पहिला, १९६० आणि १९७१ ला वर्ल्ड सीरिज, म्हंजे लीगची फायनल, जिंकली. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना सामान घेऊन जाताना विमान पडून गेला तो. क्लेमेंटेला ड्राफ्टमध्ये नेणारा पायरेट्सचा जनरल मॅनेजर ब्रँच रिकी, आणि हा रिकी कोण, तर ज्यानं खालच्या लीगमध्ये पोरं तयार करायची ही शेतीच मुळात उभी केली, आणि चार वर्षं आधी तोच डॉजर्सचा भागीदार आणि जनरल मॅनेजर होता. त्याला जुन्या घरातलं कुठलं कपाट उघडं असतंय ते माहीत असणारच.

उलटंही होतंय. पायरेट्सनी २००३ ला असा काही घोळ घातला की पहिल्या सहा नंबरात त्यांचीच पाच पोरं गेली. त्यातला होजे बाउटिस्टा एका वर्षात बाल्टिमोर, टँपा, कॅन्सस सिटी, न्यूयॉर्क मेट्स असा फिरत फिरत परत पिट्सबर्गलाच आला, घडायच्या वयातलं एक वर्ष बाकावर आणि विमानात गेलं. त्याचं नशीब उघडलं ते पुढं टोरंटोत, २०१० ला ५४ होमरन.

आता माझ्या शॉपचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हा गेम मला का लागला ते कळणार नाही.

आमच्याकडं एक पोरगा होता खानापूरकडचा. आयटीआय करून हेल्पर म्हणून आला. जॉब, म्हंजे मशीनवर बनलेला नग, पुसायचा, लोखंडाच्या चिप्स भरायच्या, ट्रॉली ढकलायची. पहिल्या वर्षी मायक्रोमीटर धरायला हात थरथरायचा. दुसऱ्या वर्षी ऑपरेटर. चौथ्या वर्षी सीएनसी मशीनचं सेटिंग एकटा लावायचा, हायड्रॉलिकचे बारीक जॉब, दहा मायक्रॉनच्या आत, रिजेक्शन जवळपास नाहीच. पण हजेरीवरचा. पर्मनंट करायच्या जागा वर्षाला दोन की तीन, आणि यादीत नाव कुणाचं घालायचं तर जो जुना आहे, जो नातेवाईक आहे, जो समोर दिसतोय. मी त्याचं नाव दिलं होतं. पण जोर लावला नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणून मीही गप्प बसलो, म्हटलं कुठं जातोय, गाव जवळ आहे, आपण शिकवलंय. पाडव्याच्या आधी आठ दिवस समोरच्याच रस्त्यावरच्या शॉपनं उचलला. कायम करतो म्हणाले आणि पगार दीडपट. पोरगा माझ्या पाया पडून गेला, काही चुकीचं केलं नाही त्यानं. आता टपरीवर चहाला भेटतो, अण्णा बरं आहे ना म्हणतो. आणि आमचा एक जुना गिऱ्हाईक आता त्यांच्याकडं जॉब देतोय.

म्हणून गेममधली ती यादी मला नुसती यादी वाटत नाही. खालच्या लीगमधली पोरं अमेरिकेतली असू देत नाहीतर खानापूरची, पाच वर्षं जो बाहेर थांबलाय त्याला कधीतरी दुसऱ्या कुणीतरी बघितलंच पाहिजे, आणि हा नियम मला आवडला तो त्याच्यासाठी. श्रीमंत क्लबनं पन्नास चांगली पोरं खाली दाबून ठेवायची, ना वर घ्यायचं ना सोडायचं, हे होऊ नये म्हणून तो आहे. शेन स्मिथचं बघा, मिलवॉकीकडं पिचर भरपूर म्हणून २०२४ च्या डिसेंबरात हा बाहेर राहिला, शिकागो व्हाईट सॉक्स त्या वर्षी सगळ्यात खाली, पहिल्या नंबरवर घेतला, आणि २०२५ ला पहिल्याच सीझनला ऑल स्टार मॅचला निवडला. मिलवॉकीतच राहिला असता तर त्या वेळी कदाचित ट्रिपल ए च्या बसमध्ये असता.

मग पुढच्या वर्षांत मी काय केलं गेममध्ये. पहिलं म्हंजे नोव्हेंबरची वाट बघायची सोडली. जुलैतच पुढच्या नोव्हेंबरात कुणाची वर्षं भरतात ते कागदावर लिहून काढतो, वहीच केलीय, आणि जास्तीची पोरं आहेत तर दोन-तीन दुसऱ्या टीमला देऊन एक कोवळा पोरगा घेतो ज्याला अजून तीन वर्षं सूट आहे. हे खरे क्लबही करतात. फुकट घालवण्यापेक्षा दिलेलं बरं. दुसरं म्हंजे चाळिसात नाव घालणं म्हणजे काम संपलं असं नाही हे कळायला मला दोन सीझन लागले, नाव घातलं की त्याची दुसरी घड्याळं चालू होतात, खाली पाठवायची मुभा साधारण तीन सीझनच, त्यानंतर पाठवायचं तर इतरांना विचारून. म्हंजे घाईनं घातला तरी जातो, उशिरा घातला तरी जातो. फळ पिकायच्या आधी उतरवलं तर आंबट, ठेवलं तर पाखरं.

आणि एकदा मीही उचलला. टँपाचा पिचर, २४ वर्षांचा, बॉल जोरात पण दिशा नाही. एक लाख भरले. त्या सीझनला माझा बुलपेन, म्हंजे रिलीव्हरांचा ताफा, खरं तर सात जणांचा होता, आठवा हा, आठ रननी पुढं असलो नाहीतर मागं असलो तरच त्याला द्यायचा. मे महिन्यात सलग तीन मॅच अशा आल्या की बाकीचे सगळे दमलेले आणि याला द्यायची हिंमत होईना, दोन हरलो त्यातल्या. मालकाचा निरोप येतोय गेममध्ये, जिंकायचं ध्येय काय झालं म्हणून. ऑगस्टमध्ये त्याचं बसलं अचानक. आता तो माझी आठवी इनिंग टाकतोय. टँपाच्या माणसाला काय वाटत असेल ते मला माहीत आहे.

ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी. साध्या लॅपटॉपवर चालतोय, माझा सहा वर्षांचा जुना आहे, मॅचची थ्रीडी चित्रं बंद ठेवली की काही अडत नाही. एकट्यानं खेळायचं तर सारखं नेट लागत नाही, आमच्या भागात लाईट जाते तेव्हा बॅटरीवर खेळतो. मी खेळतो ते सगळं इंग्लिशमध्ये आहे आणि वाचायचं भरपूर आहे, आकड्यांचे कॉलमच्या कॉलम, त्यामुळं घाईच्या माणसानं घेऊ नये. पहिल्या सीझनला खालच्या लीगची कामं असिस्टंटवर सोपवा, तशी सोय आहे, आणि फक्त वरचे २६ बघा. दुसऱ्या सीझनला चाळीस बघा. तिसऱ्याला खाली उतरा. बेसबॉलचे नियम येत नाहीत म्हणून घाबरू नका, मला स्ट्राइक आणि बॉल यातला फरक कळायला आठवडा लागला, पण माणूस ओळखायची सवय असली की बाकी येतंय. ज्यांनी कधी तालीम, मंडळाची टीम, शॉप, हॉटेल, काहीही दहा माणसांचं चालवलंय त्यांना हा गेम लगेच घरचा वाटेल. सवलतीच्या दिवसांत किंमत लई उतरते तेव्हा घ्या, मागच्या वर्षीची आवृत्ती घेतली तरी हा सगळा भाग त्यात आहेच.

एक गोष्ट मला यात अजून पाहिजे होती. पोरगा बाहेर राहिला, त्याला दुसऱ्यानं नेलं, तेव्हा त्याला काय वाटलं हे थोडं दिसलं पाहिजे होतं. एक ओळ बातमी येते आणि तो यादीतनं गायब. खऱ्या आयुष्यात तो बॅग भरतोय, घरी फोन करतोय.

माझ्याकडनं पाचपैकी पाच.

आत्ता माझ्या गेममध्ये नोव्हेंबर चालू आहे, तारखेला चार दिवस आहेत. चाळिसात एक जागा, आणि पोरं तीन. एक कॅचर, हळू पण डोकं चांगलं. एक पिचर, खांद्याचं ऑपरेशन झालेला, वर्षभर कुणी न बघितलेला. आणि एक हाय ए मधला शॉर्टस्टॉप, म्हंजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, २१ वर्षांचा, दीड स्टार आणि पुढं साडेचार. काल भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, मामा, कॅचर घाला, शॉर्टस्टॉप कोण नेतोय. मी काही बोललो नाही. आज शिफ्ट सुटली की शॉर्टस्टॉपचं नाव घालतोय.